नाव काढलं

आम्ही मुलीचं शाळेतून नाव काढलं आणि त्याच संध्याकाळी कोथरूडला माझ्या वडिलांच्या सोसायटीत पेढे वाटले गेले.

यात वडिलांची चूक नव्हती. माझीही फारशी नव्हती. असलीच तर ती मराठीची होती. शाळेतून नाव काढलेलं मूल आणि घराण्याचं नाव काढलेलं मूल, दोघांसाठी तिनं एकच क्रियापद ठेवलं आहे. पण भाषेला जाब कोण विचारणार? तो मलाच विचारला गेला.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, तिसरीत. आम्ही वाघोलीला राहतो. बायको खराडीला एका आयटी कंपनीत जाते आणि मी घरी बसून मिक्सर, गीझर, पाण्याचे फिल्टर यांची माहितीपत्रकं मराठीत आणतो. 'वापरण्यापूर्वी सर्व सूचना काळजीपूर्वक वाचाव्यात' हे वाक्य महाराष्ट्रात माझ्याइतकं कुणी लिहिलं नसेल. ते कुणीही वाचत नाही, मीसुद्धा नवीन मिक्सर आणला की थेट बटण दाबतो. सांगायचा मुद्दा असा की मूल घरी शिकवायला लागणारी पात्रता माझ्याकडे एवढीच होती, की मी दिवसभर घरी असतो.

शाळा चांगली होती. म्हणजे इमारत चांगली होती, आणि प्रवेशाच्या वेळी दिलेल्या चकचकीत पुस्तिकेत एक पांढरा घोडा होता. तो घोडा पुढे आम्हाला कधी दिसला नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, "तो सीनियर्सना असतो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि खरं तर तिथंच मी कान टवकारायला हवे होते. कारण ही मुलगी साडेतीन-चार वर्षांची असताना घरात कुणाला धड जेवू देत नसे. भिंतीच्या आत काय असतं? कावळा म्हातारा झाला की पांढरा होतो का? पाल उलटी झोपते तर तिला स्वप्नं सरळ पडतात का? माझी आई गेली त्यानंतर हिनं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं होतं, "आजी फोटोत आत कधी गेली?" अण्णा उठून गॅलरीत गेले होते. आम्ही तिला दटावलं, तेव्हा तिनं लगेच पुढचं विचारलं, "आजोबा रडायला बाहेर का जातात?"

ते सगळं हळूहळू बंद झालं. मुलं मोठी होतात, असं आम्ही म्हणत होतो.

मग तिसरीच्या सहामाहीनंतर पालकसभा झाली. बाई तरुण होत्या, मनानं चांगल्या आणि अतिशय थकलेल्या. म्हणाल्या, "शी इज व्हेरी गुड नाऊ. पहिलीत फार डाउट्स विचारायची हो. आता छान सेटल झालीये. वर्गात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही."

प्रश्नाला हल्ली शाळेत डाउट म्हणतात. म्हणजे जे काही गडबड आहे ते विचारणाऱ्याच्या डोक्यात आहे, फळ्यावर सगळं ठीक आहे. मी हसून थँक्यू म्हणालो. परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा स्कूटरवर मागं बसलेली बायको म्हणाली, "वर्गात आहे की नाही ते कळत नाही, हे कौतुक होतं ना रे?"

त्याच रात्री जेवताना मुलीनं पानावर बसून हात वर केला. आम्ही दोघं बघत राहिलो. तिनं विचारलं, "मे आय ड्रिंक वॉटर?"

पाण्याचा तांब्या तिच्या कोपराशी होता. आमच्या घरातले प्रश्न संपले होते आणि परवानग्या उरल्या होत्या. मला तेव्हा जो राग आला तो शाळेचा होता की आमचा, हे अजून नक्की सांगता येत नाही. पण भीती मात्र स्पष्ट होती. ही मुलगी अशीच हात वर करून मोठी होईल, चांगले मार्क मिळवेल, चांगल्या ठिकाणी लागेल, आणि तिथंही आहे की नाही ते कळणार नाही. आम्हाला ती परत हवी होती. बाकी शिक्षणाबद्दलचे आमचे विचार वगैरे जे आम्ही पुढं लोकांना ऐकवले, ते नंतर गोळा केलेले आहेत.

ठरवायला हिवाळा गेला. वर्ष संपल्यावर मी शाळेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या गृहस्थांनी कारण विचारलं. मी 'घरी शिकवणार' म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "ट्रान्सफर लिहितो. सगळे ट्रान्सफरच लिहितात."

आता अण्णांना सांगायचं होतं.

अण्णा निवृत्त गणित शिक्षक. येरवड्याच्या एका मराठी शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. मीही त्याच शाळेत होतो आणि काही वर्षं त्यांच्याच वर्गात. शाळेत त्यांना 'सर' म्हणायचं अशी घरून सक्त ताकीद होती, तिचा परिणाम असा झाला की घरीही माझ्या तोंडून सरच निघायचं. "सर, आई जेवायला बोलावतेय." ते मान हलवून येत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आता ते कोथरूडला एकटे राहतात, दर गुरुवारी बस बदलून आमच्याकडे येतात. कानाचं यंत्र आहे, पण ते ड्रॉवरमध्ये असतं. त्यांचं म्हणणं, ते लावलं की शेजारच्यांचंही ऐकू येतं.

फोन करण्याआधी मी शब्दांवर बरीच मेहनत घेतली. माझा व्यवसायच तो. 'शाळेतून काढलं' म्हटलं तर शाळेनं हाकलल्यासारखं वाटतं. 'शाळा सोडवली' म्हटलं की व्यसन सोडवल्यासारखं. 'शाळा बंद केली' हे दुधाचा रतीब बंद केल्यासारखं. शेवटी सगळ्यात सौम्य, सगळ्यात सभ्य वाक्य मी निवडलं.

"अण्णा, आम्ही तिचं शाळेतून नाव काढलं."

"काय? नाव काढलं?"

"हो," मी आवाज चढवून म्हणालो, "नाव काढलं."

"शाळेत?"

"शाळेतून!" पण त्यातलं 'तून' फोनच्या अलीकडेच राहिलं असावं.

"अरे वा! वा, वा, वा!" अण्णा म्हणाले. आयुष्यात मला त्यांच्याकडून एक 'वा' मिळाला होता, बारावीला, आणि तोही प्रश्नचिन्हासकट. "मला ठाऊकच होतं. ही पोरगी काहीतरी करणार."

मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाला वाटेल? हिची आजी असायला हवी होती आज."

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं की अण्णांना पटलं, नुसतं पटलंच नाही तर आनंद झाला, आपण त्यांना उगाच जुन्या वळणाचे समजत होतो. तिनं विचारलं, "नीट सांगितलंस ना?" मी दुखावल्या स्वरात म्हणालो की मी शब्दांचाच धंदा करतो.

रविवारी आम्ही कोथरूडला गेलो. खाली गेटपाशी तळमजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. त्या मला लहानपणापासून ओळखत नाहीत, पण तसं वागतात. म्हणाल्या, "पेढे बरे होते हो. तुमच्या अण्णांनी सोसायटीत पहिल्यांदाच काही वाटलं, म्हणून आवर्जून सांगते." मग वाकून मुलीला विचारलं, "काय गं, कशात नाव काढलंस? नाच की बुद्धिबळ?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग तिला जे शिकवलं होतं ते तिनं केलं. म्हणाली, "थँक्यू, आजी."

जिना चढताना बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं. शब्दांचा धंदा करणाऱ्यानं ते पुरेसं समजून घ्यावं असं ते बघणं होतं.

वर अण्णा नवा सदरा घालून बसले होते. मी त्यांना यंत्र लावायला सांगितलं. ते त्यांनी लावलं, आणि मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पालकसभा, पाण्याचा तांब्या, घरी शिकवणं, पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा. ते ऐकत होते. वर्गात एखादा मुलगा फळ्यावर चुकीचं गणित सोडवत असला तर ते त्याला मध्येच थांबवत नसत, शेवटपर्यंत जाऊ देत. तसंच त्यांनी मला जाऊ दिलं.

माझं संपल्यावर म्हणाले, "त्याला नाव कमी करणं म्हणतात."

"हं?"

"पटावरून नाव कमी केलं, असं म्हणतात. नाव काढणं वेगळं. मराठी तरी नीट बोलावं माणसानं. आता तूच शिकवणार आहेस."

पुणेरी खोचकपणाची मला सवय आहे, मी त्यावरच वाढलो. पण या वेळी ते बोलताना त्यांच्या आवाजात तो नेहमीचा कोरडा मजेचा सूर नव्हता. मग ते एवढंच म्हणाले, "माझ्या वर्गातून कुणाचं नाव कमी झालं नाही. व्हायची वेळ आली तर मी घरी जाऊन पोर परत आणलं."

हे खरं होतं. जून-जुलैत एखादं मूल यायचं थांबलं की शाळा सुटल्यावर अण्णा सायकल काढत आणि वस्तीत जात. कधीकधी मला पुढच्या दांडीवर बसवून नेत. कुणाची आई धुण्याभांड्याला जायची म्हणून पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेली, कुणी गॅरेजात चिकटवलेला. अण्णा दाराशी उभे राहून बोलत. आत जात नसत, चहा घेत नसत. दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात असे. बहुतेक वेळा रडत, पण असे. आणि आता त्यांच्या नातीला तिच्या शिकल्यासवरल्या आईबापांनी हौसेनं शाळेतून काढलं होतं. कोण सायकल काढणार होतं?

कायद्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की त्याबद्दल ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. "म्हणजे तुला माहीत नाही," अण्णा म्हणाले. उरलेल्या पेढ्यांचं खोकं त्यांनी मुलीच्या हातात दिलं. खाली सोसायटीत काय ते मी सांगेन, तू सांगू नकोस, एवढं मला बजावलं. त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर 'बरं आहे' आणि 'ठेवतो' एवढंच.

इकडे जूनमध्ये आमची घरची शाळा सुरू झाली.

अशा पालकांचा एक ग्रुप असतो, आम्ही त्यात दाखल झालो. तिथली मुलं भलतीच पुढं होती. एकानं बांबूची झोपडी बांधली होती, एकीनं मधमाश्या पाळल्या होत्या, आणि सगळ्यांचे फोटो उन्हातले, केस उडणारे, पाय चिखलात. ग्रुपचा सल्ला असा की सुरुवातीला काहीही शिकवू नका. मुलाच्या अंगातली शाळा निथळून जाऊ द्या, मग कुतूहल आपोआप उगवेल.

आम्ही निथळायला ठेवली. मुलगी सकाळी आंघोळ करून, वेणी घालून सोफ्यावर येऊन बसे. हात मांडीवर. मी बाजूला बसून पाण्याच्या फिल्टरचं भाषांतर करी. मध्येच ती विचारी, "बाबा, आता काय करू?" मी म्हणे, "तुला वाटेल ते." ती "ओके" म्हणून तशीच बसून राही. 'तुला वाटेल ते' हा विषय तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. दिवसच्या दिवस असे गेले. कुतूहल उगवायची चिन्हं दिसेनात आणि माझा धीर सुटत चालला.

त्यात इमारतीतले लोक. लिफ्टमध्ये आधी "ताप आहे का हिला?" झालं. मग "आज सुट्टी वाटतं?" झालं. शेवटी आमच्या मजल्यावरच्या अमरावतीच्या वहिनींनी सरळच विचारलं, "काहून हो भाऊ, पोरीले शाळेत नाही पाठवत काय?" मी त्यांना जमेल तसं समजावलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. दोन दिवसांनी त्या त्यांच्या मुलाला दप्तरासकट घेऊन दारात उभ्या. "तुमच्या क्लासमंदी आमच्या पोरालेही घ्या न. तेवढंच तुम्हालेही बरं." या शहरात बाप्या माणूस दिवसा घरी बसून पोराला शिकवतो याचा दुसरा अर्थ लागत नाही. मी क्लास काढला आहे ही बातमी आठवड्याभरात खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेली. त्यानंही माझ्याशी थोडं आदरानं बोलायला सुरुवात केली.

आणि मग एक दिवस मी पांढरा फळा आणला. आता हे कसं घडत गेलं ते मलाही नीट सांगता येणार नाही, कारण यातलं काहीही ठरवून केलेलं नव्हतं. फळा आला म्हणून त्यावर तारीख आली. तारीख आली म्हणून वेळापत्रक आलं. वेळापत्रकासाठी मोबाइलमध्ये घंटा लावली. घंटेआधी प्रार्थना बरी, मन एकाग्र होतं. एका सकाळी मी स्वतःच्या कानांनी स्वतःला हजेरी घेताना ऐकलं. वर्गात एकच मुलगी, समोर बसलेली, माझी स्वतःची, आणि मी तिचं आडनावासकट नाव घेतलं. ती म्हणाली, "प्रेझेंट, सर."

सर! बायको खराडीला निघायच्या घाईत डबा भरत होती. तिच्या हातातला चमचा थांबला. संध्याकाळी ती म्हणाली, "आपण मुलीला शाळेतून काढलं. तुला काढायचं राहिलंच."

मी चिडलो. अर्थातच चिडलो, कारण ती बरोबर बोलत होती आणि तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. माझ्याकडेही नव्हता. सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसलेली मुलगी बघण्यापेक्षा 'प्रेझेंट सर' म्हणणारी मुलगी बघणं सोपं होतं, एवढंच.

अशात अण्णांचा फोन आला. "गुरुवारी येतो. तिची तयारी बघतो."

आमच्या लहानपणी साहेब शाळा तपासायला येणार असले की काय धांदल उडायची ते ज्यानं पाहिलं आहे त्यालाच माझी अवस्था कळेल. तेव्हा हुशार मुलं पुढच्या बाकांवर बसवत आणि आमच्यासारख्यांना मागे खांबाआड. इथं एकच बाक होता. मी तिला पाढे घोकायला लावले. महाराष्ट्राच्या सीमेवरची राज्यं लावली. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी आकडे येत नाहीत हे अण्णांचं जुनं दुखणं, म्हणून एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे सगळे 'एकोण' पाठ करून घेतले. ती ते निमूट करत होती. एकदाही 'का' म्हणाली नाही. मला ते दिसत होतं, आणि तरीही मी म्हणत होतो, "परत म्हण." मला अण्णांसमोर पास व्हायचं होतं.

गुरुवारी अण्णा आले. यंत्र लावून आले होते. पाणी घेतलं, फळ्याकडे बघितलं, वेळापत्रक वाचलं. मी मुलीला हाक मारली.

ती आतून आली ती शाळेचा गणवेश घालून. निळा स्कर्ट, पट्टा, पांढरे मोजे. कुणी सांगितलं नव्हतं. स्कर्ट गुडघ्याच्या बराच वर गेला होता. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा चेक करणार ना, म्हणून." मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं सगळं करून, पेढ्यांपासून फळ्यापर्यंत एवढा प्रवास करून, आम्ही मुलीला जिथून उचललं होतं तिथंच नेऊन ठेवलं होतं. फक्त घोडा नव्हता.

अण्णांनी तिला समोर बसवलं. "एकोणसाठ मोठं की एकोणसत्तर?"

हे आम्ही इतकं घोकलं होतं! पण तिचं तोंड उघडेना. ती माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली, तिथं उत्तर लिहिलेलं असेल म्हणून.

"त्याच्याकडे बघू नकोस," अण्णा म्हणाले. "त्याला नव्हतं येत."

मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. खाली मान घालून स्कर्टची चुणी सारखी करत राहिली. अण्णा वाट बघत होते. वर्गातही ते अशीच वाट बघत, आणि ती वाट बघणं छडीपेक्षा वाईट असे. मी आता मध्ये पडणार, काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिनं मान वर केली.

"आजोबा, तुम्हाला शाळा आवडायची?"

हात वर केला नव्हता. आधी 'मे आय' नव्हतं. मला वाटलं, मला भास झाला.

"मी शिक्षक होतो," अण्णा म्हणाले.

"हो, पण आवडायची का?"

"एवढी वर्षं नोकरी केली मी तिथं."

"ते माहितीये मला. आवडायची का पण?"

हीच ती. एका प्रश्नाच्या मागं लागली की सोडायचीच नाही, ती. ज्या घरात मी सगळं लहानपण अण्णांना 'सर' म्हणत काढलं, तिथं त्यांना उलट विचारणारं कुणी नव्हतं. ते रागावणार असं मला वाटलं. ते तिच्या आखूड स्कर्टकडे, मोज्यांकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले.

"का?"

"भीती वाटायची."

"कुणाची? हेडमास्तरांची?"

"गणिताची." अण्णा थांबले. "फळ्यावर सोडवताना चुकलो तर, अशी. साठ पोरं बघत असतात. म्हणून पहाटे उठून सगळी गणितं आधी घरी सोडवून जायचो. रोज. शेवटच्या वर्षापर्यंत."

मला ती पहाट आठवली. स्वयंपाकघरातला दिवा, पाटावर वाकलेली पाठ. आई आम्हाला सांगे, बघा, अजूनही अभ्यास करतात, शिका जरा. आम्ही भावंडं मान हलवून परत पांघरूण ओढत असू. आणि सकाळी जाताना आई त्यांच्या खिशात ओव्याची पुडी ठेवायची. अण्णांना पचनाचा त्रास आहे, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मग तुम्ही त्या मुलांना का आणायचात परत? बाबा सांगतो ना सायकलचं. त्यांनापण भीती वाटत असेल."

अण्णांनी कानातलं यंत्र बोटानं जरा दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू का बसलायस इथं? जा, चहा टाक. आमचं चाललंय."

मी उठलो. ओट्यापाशी जाऊन आधण ठेवलं. बाहेरून तिचा आवाज येत होता, एकामागून एक, मध्ये दमही न घेता. त्यातली मुलं पळून जायची का? तुम्ही रडलात का कधी वर्गात? आजीला माहीत होतं? आणि प्रत्येकानंतर अण्णांचा आवाज, हळू, आठवून आठवून सांगणारा. माझ्याशी ते त्या आवाजात कधीच बोलले नव्हते. मी त्यांचा मुलगा होतो, त्यांच्याच वर्गात बसलो होतो, एका छपराखाली त्यांच्याबरोबर लहानाचा मोठा झालो होतो, आणि एवढ्या वर्षांत यातलं काहीही त्यांना विचारायचं माझ्या मनात आलं नव्हतं. मुलगी परत आली म्हणून मला रडू येत होतं. आणि पातेल्यात साखर घालता घालता, खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटत होता.